पांढरा झेंडू

माझ्या एका यादीमुळे वडिलांच्या नोकरीवर पाणी फिरायची वेळ आली होती. यादी जेमतेम नऊ ओळींची. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि आज घरात ज्या सवयींवरून मला हसतात त्या सगळ्या मला तेव्हाच लागल्या होत्या. काम हातात घेण्याआधी लिहून काढायचं, प्रत्येक वस्तूपुढे आकडा घालायचा, आणि शब्द तोडून लिहायचे, म्हणजे कागद कमी लागतो. कागद तेव्हा खरंच मिळत नव्हता.

वडील हट्ट्याच्या सरकारी शाळेत हेडमास्तर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. नऊ वर्षं ते त्या खुर्चीवर हंगामी होते. म्हणजे शाळा त्यांची, जबाबदारी त्यांची, पण वरून एक कागद आला की उद्या दुसरा माणूस येऊन बसणार. कायम व्हायचं, म्हणजे त्या वेळच्या भाषेत मुस्तकिल व्हायचं, तर शाळा तपासणाऱ्या साहेबांचा चांगला शेरा लागे. त्यांना सगळे मोहतमीम साहेब म्हणत. माझं लग्नही त्याच शेऱ्यावर अडलं होतं, कारण हंगामी मास्तराची मुलगी करून घ्यायला येणारे लोक आधी दादांच्या हुकमाची चौकशी करत आणि मग पुन्हा येत नसत.

घरात आम्ही तिघंच. दादा, मी, आणि दादांची थोरली बहीण. आई मी आठ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून स्वयंपाकघर आत्याबाईचं आणि बाकीचं घर हळूहळू माझं झालं.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा शिमगा जवळ आला होता, पण तो शेवटचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. सरहद्दीपलीकडे स्वातंत्र्य येऊन सहा-सात महिने झाले होते. आमच्याकडे तिरंगा हा शब्द घरातसुद्धा आवाज पाडून बोलत. कापडाचा असो, कागदाचा असो, लेकराने पाटीवर खडूने काढलेला असो, झेंडा सापडला की माणूस चौकीवर जाई. कुठल्याशा शाळेतल्या एका मास्तराच्या पेटीत पांढरी टोपी सापडली आणि तो घरी बसला, असं आमच्या कानावर आलं होतं. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. पण ते ऐकल्यावर दादांनी घरातल्या सगळ्या पेट्या स्वतः उघडून पाहिल्या. माझीसुद्धा पाहिली. मी बाजूला उभी होते. 

अशात वसमतच्या मुक्कामावरून निरोप आला की साहेब पुढच्या आठवड्यात शाळा तपासायला येणार आणि दुपारचं जेवण हेडमास्तरांकडे घेणार. निरोप आणणारा शिपाई जाता जाता म्हणाला, "साहेबांचा गुडघा धरतो. ते पाटावर बसत नाहीत. मेज लागंल."

आत्याबाईला ते पटेना. "पाय लोंबकळत ठेवून जेवायचं म्हन्जे अन्न खाली उतरून राहील कसं? घोड्यावर बसून जेवल्यावानी."

"उतरंल," दादा म्हणाले. "साहेब आहेत ते. त्यांचं सगळं उतरतं."

मेज शाळेतलं होतं. एक पाय आखूड, वर नऊ वर्षांच्या शाईचे डाग, आणि एका कोपऱ्यात कुण्या पोराने चाकूने कोरलेला बैल. दादांचं नवं धोतर चौपदरी करून वर अंथरता येत होतं, पण मग ते बाजूंनी खाली उतरत नव्हतं आणि डाग नेमके कडांना होते. म्हणून मी ठरवलं, चारी बाजूंनी पांढऱ्या पतंगी कागदाची कातरलेली झालर लावायची आणि मधोमध झेंडूची फुलं. खरा झेंडू संपला होता. उन्हं तापायला लागली की आमच्याकडे झेंडूची नुसती काडं उरतात. तेव्हा फुलंही कागदाचीच.

कागद आमच्या गल्लीच्या टोकाला जिल्दवाल्या चाचांकडे मिळे. ते शाळेच्या रजिस्टरांची बांधणी करत, संक्रांतीला पतंग बनवत आणि मोहरमात ताबूत सजवत. सजवत असं नाव त्यांचं होतं. ताबुतावरची कागदाची जाळी कातरणारा हात चाचीचा होता. मी गेले तेव्हा गुलाबी आणि लाल लग्नसराईत संपलेले होते. पिवळा पुढच्या खेपेला परभणीहून येईल असं चाचा म्हणाले. उरले होते ते तीन: केशरी, पांढरा आणि पानांसाठी हिरवा. मी मनात हिशेब केला की झेंडू बारा केशरी करू, आणि पिवळ्याच्या जागी बारा पांढरे. चोवीसाची भरती झाली पाहिजे एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला त्या तीन रंगांत आकड्यांपलीकडे काही दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

फुलं करायला मला चाचीनेच शिकवलं. दुपारी घरचं आटोपलं की ती कात्री घेऊन यायची. आठ पदरी घडी, मधे सुताची गाठ, मग कडेला फणीच्या दातांसारखी कातरणी, आणि शेवटी एकेक पदर बोटाने न ओढता फुंकरीने उघडायचा.

"कैंची नक्को फिरा, पोरी. कैंची एकीच जागा. कागज फिरा."

मी कागद फिरवला की तो फाटायचा. ती फाटलेला तुकडा घेऊन त्याचं पान करायची. पहिल्या दिवशी माझी दोन फुलं झाली आणि तिची सात. खळ गव्हाच्या पिठाची केली होती आणि तिच्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद. फुलांचे दांडे म्हणून मी तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, एका मापाने तोडून ठेवल्या होत्या.

आत्याबाई चुलीपाशी बसून सगळं बघायची. चाचीला चहा द्यायची, निराळ्या कपात. ती गेली की तो कप निराळा घासायची आणि मग बोलायची.

"फुकट काहून शिकवून राहिली गं ती तुला?"

"तिला आवडतं."

"आवडतं म्हनून कोनी कोनाच्या घरात चार दिवस बसत न्हाई. मानसाला कान असतात."

"आपल्या घरात ऐकण्यासारखं काय आहे, आत्याबाई?"

"तेच तिला ऐकायचं असंल, की काई हाय का न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी चाची विचारू लागली, साहेब किती जणांना घेऊन येणार, जेवण कोणत्या खोलीत, तेव्हा माझी फुंकर जरा जोरात गेली आणि पदर फाटला.

यादी मी पहिल्याच दिवशी केली होती. कोनाड्यात दऊत होती आणि तिच्याखाली दादांच्या पाठकोऱ्या कागदांची थप्पी. एका बाजूने वापरलेला कागद दादा कधी टाकत नसत. त्यात एक दोन्ही बाजूंनी कोरा निघाला, तो घेऊन मी लिहिलं. मला ते अजून ओळीने आठवतं. वर 'मेज'. मग 'झें. के. १२, पां. १२'. मग 'हि. ४८'. 'काड्या २४'. 'झालर पां. चारी बाजू'. 'खळ, दोरा'. त्यानंतर 'झाकून ठेवणे', कारण चुलीची राख उडते. 'बाहेर बोलणे नको', कारण साहेबांना एकदम दिसावं असं मला वाटत होतं. आणि शेवटी 'साहेब येण्याआधी तासभर लावणे'. झालेल्या कामावर मी रोज बारीक फुली मारायची आणि कागद पुन्हा दौतीखाली पालथा ठेवायची.

साहेब यायला तीन दिवस उरले तेव्हा चौकीवरचा एक जवान बंदोबस्त बघायला आला. साहेब कुठे बसणार, बैल कुठे सोडणार, पाणी कुठलं, असं सगळं त्याने विचारलं. शाळेचा शिपाई त्याच्याबरोबर होता. मी आणि चाची सोप्यात फुलं करत होतो, झालेली फुलं टोपलीखाली झाकलेली होती. जवानाने काठीच्या टोकाने टोपली उचलली.

"ये क्या है?"

"फुलं," आत्याबाई दारातून म्हणाली.

"किस के वास्ते?"

"तुमच्या साहेबासाठी. दुसऱ्या कोनासाठी एवढी मेहनत करतंय कोन?"

तो हसला. फुलांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बहुत रंग जमवले, बाई." मग टोपली हळूच खाली ठेवून गेला. शिपाईही गेला. चाचीने डोक्यावरून पदर ओढला, चहा तसाच ठेवला आणि उठली. "काम है घर में," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी त्या दिवसाची फुली मारायला कोनाड्याकडे गेले. दौतीखाली यादी नव्हती.

मी थप्पीतले सगळे कागद उलटून पाहिले. कोनाडा झटकला, केरात पाहिलं, चुलीपाशी पाहिलं. आत्याबाईला विचारलं तर तिने मलाच विचारलं, "ती काहून उठली घाईनं?" मी मनात माणसं मांडायला लागले. कोनाड्यापाशी त्या दिवशी कोण कोण उभं होतं? जवान उभा होता. शिपाई खुर्च्या मोजायला आत आला होता. चाची तर कोनाड्याखालीच बसली होती. ही यादी मात्र मी कागदावर केली नाही.

शाळा सुटल्यावर दादा आले. मी सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "हरवली तर दुसरी कर. पाठ असेल तुला." त्यांना वाटलं मी उगाच रडवेली झाले आहे. मी पाठ म्हणून दाखवली, लिहिली होती तशीच, तोडक्या अक्षरांत.

दादा ऐकता ऐकता खाली बसले.

"झें म्हणजे?"

"झेंडू."

"ते तुला माहीत. ज्याच्या हाती कागद आहे त्याला काय माहीत? झें. केशरी, पांढरे, हिरवे. काड्या चोवीस. झाकून ठेवणे. बाहेर बोलणे नको. साहेब येण्याआधी लावणे." त्यांनी प्रत्येक ओळीला एक बोट मिटलं. "कुठे लावणे? शाळेवर?"

आत्याबाईने हातातली पळी ठेवली. 

"चुलीत घालते सगळं," ती म्हणाली.

"आणि त्यांनी विचारलं की चोवीस कुठे गेले?" दादा म्हणाले. "जाळले म्हणू? मग तर झालंच."

मी म्हटलं की फुलं मेजावर असलीच पाहिजेत. यादीत जितकी लिहिली तितकी, रंगही तेच. कोणी यादी काढली तर ओळीला ओळ जुळली पाहिजे. दादांना ते पटलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला, तोच आत्याबाई म्हणाली, "समदं खरं. पन पांढरा झेंडू कोनी पाह्यलाय का आजवर?"

कोणीच पाहिला नव्हता. झेंडू केशरी असतो नाहीतर पिवळा असतो. लेकरालासुद्धा कळेल. त्या 'पां.'पुढे झेंडू हा शब्द टिकणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाची आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी पिवळा कागद मागायच्या निमित्ताने तिच्या दारात गेले. खरं निमित्त कागदाचं होतं का तिचं तोंड बघायचं होतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तिने दार अर्धंच उघडलं.

"पिवळा आला का, चाची?"

"नहीं आया."

"एखादा तुकडा?"

"कोई कागज नहीं है. फिर आ."

तिच्या खांद्यावरून मला आत भिंतीला टेकवलेली गुंडाळी दिसली. पिवळी धमक. ती दार लावून घेईपर्यंत मी त्या गुंडाळीकडेच बघत होते. घरी येऊन मी आत्याबाईला सांगितलं, आणि माझ्या तोंडून 'तू म्हणत होतीस ते खरं' हे शब्द गेले. आत्याबाईला आनंद व्हायला हवा होता, पण ती नुसती म्हणाली, "म्हंजे यादी तिनंच नेली?" मी म्हटलं, आणखी कोणी न्यावी?

मग पांढऱ्या फुलांना मीच हळद लावून पाहिली. हळदीच्या पाण्यात चिंधी भिजवून कडांना नुसता स्पर्श केला. पतंगी कागदच तो. पहिलं फूल भिजून गोळा झालं. दुसऱ्याला पाणी कमी घेतलं, तरी गोळा. तिसऱ्याला कोरडी हळद चोळली तेव्हा पदर सुटून आले. तिथे मी हात थांबवला. आता केशरी बारा आणि पांढरी नऊ. एकूण एकवीस, आणि पांढरा कागद झालरीला लागून जो उरला होता त्यात नवं फूल बसेना. दादांना मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण त्यांची दोन रात्रींची झोप गेलेली मला दिसत होती.

साहेब बैलांच्या दमणीतून आले. बरोबर त्यांचा पेशकार होता, साहेबांचे कागद सांभाळणारा, परभणीकडचा मराठी माणूस. साहेब हैदराबादचे, उंच, गुडघ्यावर हात ठेवून चालणारे. सकाळभर शाळा तपासली. जेवायला आले तेव्हा मेज तयार होतं. दारातून आलेल्या वाऱ्याने झालर हलत होती, मधे फुलं मातीच्या दोन पसरट भांड्यांत रेतीत खोचलेली. पुरणपोळी, येसराची आमटी, भजी, काकडीची कोशिंबीर. साहेब बसले, फुलांकडे बघून म्हणाले, "वाह. मास्टर साहब, किसने बनाए?"

"लड़की ने, साहब."

मी आतल्या दाराच्या पडद्यामागे उभी होते. आत्याबाई माझ्या मागे.

पेशकाराने पहिला घास घेण्याआधी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली. मुक्कामाच्या सोयीची होती: पाठ टेकायला बाजा किती, दूध किती, बैलांना वैरण किती. दादांनी तीन दिवसांपूर्वी ती उर्दूत लिहून वसमतला पाठवली होती. पेशकाराने ती उलगडून उजेडाकडे धरली, आणि कागदाच्या आरपार मला माझं अक्षर दिसलं.

जवानाने नेली नव्हती, शिपायाने नेली नव्हती, चाचीने नेली नव्हती. दादांनीच सकाळच्या घाईत दौतीखालचा वरचा पाठकोरा कागद ओढला होता, कोऱ्या बाजूवर चिठ्ठी लिहिली होती आणि मागे काय आहे ते न बघता स्वतःच्या हाताने धाडून दिली होती.

"मास्तर," पेशकार मराठीत म्हणाला, गोड आवाजात, "हे पाठीमागं काय हो लिहिलंय? मी वसमतलाच वाचलं. म्हटलं कशाला गडबड, समक्षच विचारावं."

"क्या है?" साहेबांनी विचारलं.

"झंडों की फेहरिस्त लगती है, साहब." त्याने ओळीने वाचून उर्दूत अर्थ सांगितला. केसरी बारा, सफेद बारा, हरे अड़तालीस, लकड़ियाँ चौबीस. छुपा के रखना. बाहर नहीं बोलना. साहब आने से पहले लगाना.

साहेबांचा हात ताटावर थांबला.

"झेंडू, साहब," दादा म्हणाले. "गेंदा. ये सामने जो हैं, वही."

"सफेद गेंदा?" पेशकार म्हणाला. मग तो खुर्चीतून वाकला आणि बोटाने फुलं मोजायला लागला. दोन्ही भांडी मोजली. "केसरी बराबर बारा. सफेद नौ. तीन कहाँ गए, मास्तर?"

दादांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना माहीतच नव्हतं. मी पडदा धरला, तेवढ्यात आत्याबाई मला ओलांडून पुढे गेली. परक्या पुरुषापुढे ती कधी दार ओलांडून आली नव्हती. तिच्या हातात कोथिंबिरीचं ताट होतं आणि त्यात तीन पिवळे, वाळलेले गोळे.

"हे घ्या तुमचे तीन. मोजा." तिने ताट पेशकाराच्या पुढ्यात ठेवलं. "झेंडू पांढरा नसतो, हे आमाला कळत न्हाई व्हय? पिवळा कागद मिळाला न्हाई. पोरीनं हळद लावली तं हा चिखल झाला. आन लाकडं म्हनाल तं तुराट्या हायेत. त्याच्यावर झेंडा लावला तं झेंडाच खाली पडंल."

साहेबांना मराठी कळत होतं असं वाटतं, कारण त्यांनी मिशीवर हात फिरवला. पण पेशकार हसला नाही.

"हळद कधी लावली, बाई? ही चिठ्ठी वसमतला यायच्या आधी, का नंतर?"

आत्याबाईला उत्तर माहीत होतं. तिने दादांकडे पाहिलं. मला वाटलं आता दादा म्हणतील, आधी. मीही तेच म्हटलं असतं. दादा खुर्चीतून उठले.

"बाद में, साहब. यादी गुम हुई, उसके बाद. डर के मारे."

"डर किस का?"

दादांनी जरा विचार केला. "कागज का, साहब."

साहेबांनी भांड्यातलं एक पांढरं फूल काढलं, दोरा सोडला आणि पदर एकेक करून ताटाशेजारी ठेवले. आठ गोल तुकडे, कडा कातरलेल्या. शेवटचा पदर त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. त्यावर काही नव्हतं. मग पोळी मोडली.

"आप के मदरसे में लड़कों को पूरा लफ्ज लिखना सिखाते हैं ना?"

"जी."

"घर में भी सिखाइए. बैठिए, खाना ठंडा हो रहा है."

पेशकाराने चिठ्ठी घडी करून परत दिली नाही. स्वतःच्या खिशात घातली आणि जेवण होईपर्यंत तो खिसा दोनदा चाचपला. दादांचं जेवण झालं नाही. साहेबांनी दोन पोळ्या घेतल्या, आमटी पुन्हा मागितली, आणि दमणीत बसताना एवढंच म्हणाले की अहवाल वेळेवर जाईल.

त्यानंतर सात आठवडे आम्ही त्या खिशावर काढले. अहवाल साहेबांचा, पण साहेबांचे कागद पेशकाराच्या हातचे. आत्याबाई म्हणायची, साहेब भला मानूस. दादा म्हणायचे, साहेब सही करतात. टपाल आलं की दादा पाकीट उघडण्याआधी त्याची पाठ बघायचे.

हुकूम आला तो उन्हाळ्यात. दादा मुस्तकिल झाले. त्याच कागदावर दुसरी ओळ होती: बदली डोंगरकड्याला. दादांनी दोन्ही ओळी तीनदा वाचल्या. बदली नेहमीची होती का त्या दिवसाची होती, हे त्यांना कधीच कळलं नाही. मात्र हुकूम घेऊन ते देवापुढे गेले तेव्हा त्यांचे खांदे मी प्रथमच खाली आलेले पाहिले. आत्याबाईने शेजारी साखर वाटली, आणि गल्लीच्या टोकाला मात्र गेली नाही.

तिकडे मी गेले. उरलेला कागद परत करायचा होता. चाचीने या वेळी दार पूर्ण उघडलं.

"आम्ही चाललो, चाची. डोंगरकड्याला."

"सुनी मैं. अच्छा हुआ." तिने मला बसायला पोतं टाकलं, आणि मी बसताच विचारलं, "मेरे पे शक था ना, तेरे घर में?"

माझ्या तोंडाशी खोटं तयार होतं. "होता," मी म्हटलं. "यादी तू नेलीस असं वाटलं. पिवळा कागद होता तरी नाही म्हणालीस."

"हौ, था. मेरे कू बी तेरे पे था." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "चार दिन मैं काट रई थी, एक-एक रंग. उस जवान ने टोकरा उठाया तब तीनों रंग एक जागा देखी मैं. सोची, या अल्ला, ये पोरगी मेरे हाथ से क्या बनवा रई है? कागज मेरा. कैंची मेरी. पकड़ते तो किस कू पकड़ते? मास्तर कू छोड़ देते. मेरे आदमी कू कौन छोड़ता?"

"पण ती फुलं होती, चाची. तूच केलीस त्यातली निम्मी."

"फूलां थे. बाद में खोल के किसपे चिपकाते, मेरे कू क्या मालूम? इसके वास्ते पिवळा नईं दी. और एक कागज मेरे घर का तेरे घर में जाना नक्को."

 मी गुंडाळी पुढे केली. तिने ती सोडली आणि मोजली: केशरी दोन, पांढऱ्याच्या नुसत्या पट्ट्या, हिरवा एक. मग ती उठली. केशरी कागद तिने गोधड्यांच्या घडीखाली सरकवले. पांढऱ्या पट्ट्या चाचांच्या बांधणीच्या पुठ्ठ्यांत घातल्या. हिरवा घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि ज्वारीच्या कणगीमागे ठेवून आली.

"घर में और कुछ रहा?"

"नाही."

"गिन के आई?"

"मोजून आले."

तरी तिने माझ्या रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं, आणि मगच चहा टाकायला गेली.